धुळ्याच्या सरळ उत्तरेला

आशियाचा नकाशा काढा आणि धुळ्यावर बोट ठेवा. रेखांश साधारण पावणेपंच्याहत्तर पूर्व. आता बोट डावी-उजवीकडे न सरकवता सरळ वर न्या. आधी अजमेर लागेल, मग अमृतसर, मग श्रीनगर. ही सगळी गावं थोड्याफार फरकाने एकाच रेषेवर आहेत. श्रीनगरच्या पुढे काराकोरम, मग चीनचा एक कोपरा, मग तिएन शानची बर्फाळ रांग. ती उतरल्यावर बोट ज्या शहरावर टेकतं ते बिश्केक, किर्गिझस्तानची राजधानी. धुळ्यापासून सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटरांच्या आत. जळगाव या रेषेच्या जरा पूर्वेला.

मी भूगोलाचा मास्तर. जळगावच्या एका शाळेत बरीच वर्षं नकाशे शिकवतोय. पण ही रेषा मी पहिल्यांदा ओढली ती शाळेसाठी नव्हे, घरासाठी. नीटचा निकाल लागला आणि आठ दिवसांत धुळ्याहून आपा आणि दूल्हाभाई आले. बरोबर भाची. दूल्हाभाईंचं आग्रा रोडवर टायरचं छोटं दुकान आहे. भाची परीक्षेत पात्र ठरली होती, पण सरकारी कॉलेजात जागा मिळेल इतके गुण नव्हते. दूल्हाभाईंनी खिशातून घडी केलेला एक गुळगुळीत रंगीत कागद काढला. वर घोड्याचं आणि डोंगराचं चित्र, खाली 'देशाची ओळख'. राजधानी बिश्केक, चलन सोम, हवामान आल्हाददायक, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, भारतीय मेस, हलाल जेवण, एनएमसी मान्यताप्राप्त. आणि सगळ्यात ठळक अक्षरांत: सुरक्षित मुस्लिम देश.

दूल्हाभाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मास्टर, तुम देख के बोलो. मेरे को तो ठीक लगता. अपने लोगों का मुल्क है."

चाळीसगाव रोडवरचा एक प्लॉट त्यांनी मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलाय. तो विकायची बोलणी सुरू झाली होती. म्हणजे त्या एका ओळीवर एक प्लॉट, एका मुलीची सहा वर्षं आणि एका बापाची झोप अवलंबून होती. मी म्हटलं, मला महिनाभर द्या. हा लेख त्या महिन्यातला. आमच्या घरापुरता होता, पण जळगाव-धुळ्यात असा कागद फक्त आमच्याच घरी आला नसेल, म्हणून इथे लिहितोय.

आधी देश पाहू. किर्गिझस्तानचं क्षेत्रफळ जवळजवळ दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश. लोकसंख्या सत्तर लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२ लाखांचा होता आणि धुळे २० लाखांचा. आपले हे दोन जिल्हे मिळून जेवढी माणसं होतात, साधारण तेवढा तो अख्खा देश. एवढ्या लहान देशात २०२४ मध्ये पंधरा हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते, आणि पाकिस्तानी विद्यार्थीही हजारोंनी. भुसावळमध्ये अचानक काही हजार परदेशी मुलं राहायला आली तर गावाला कसं वाटेल, हे मनात आणून पाहा. तिथल्या लोकांचं वागणं समजायला ते उपयोगी पडतं.

देशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. बिश्केक आठशे मीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी. इस्सिक-कुल नावाचं प्रचंड सरोवर सोळाशे मीटरवर, जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर. तरी ते हिवाळ्यात गोठत नाही, म्हणून त्याचं नावच 'उष्ण सरोवर'. उन्हाळ्यात तिथे फिरायला जावं, डोळे निवतील. मात्र 'हवामान आल्हाददायक' हे अर्ध्या वर्षापुरतं खरं. जानेवारीत बिश्केकचा पारा शून्याच्या खाली असतो आणि कधी कधी उणे वीसलाही टेकतो. मेमधला ४५ अंशांचा जळगाव सोसलेल्या मुलांना हे नवं असतं. कपड्यांचा आणि बुटांचा खर्च कागदावर कोणीच धरत नाही.

घड्याळाची गंमत आहे. रेखांश एकच असूनही तिथलं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे. धुळ्यात बारा वाजले की बिश्केकला साडेबारा. पण सूर्याला घड्याळ कळत नाही, मध्यान्ह दोन्ही शहरांत जवळजवळ एकाच मिनिटाला होते. म्हणजे जोहरची वेळ धुळ्यात आणि बिश्केकात बरोबरच सुरू होते. हे ऐकून आपाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. किबला मात्र तिथे नैर्ऋत्येला आहे, आपल्यासारखा पश्चिमेला नाही.

चलनाचं सोपं आहे. गेल्या एक-दोन वर्षांत एक सोम म्हणजे जवळजवळ एक रुपया. दिल्लीहून थेट विमान मिळालं तर चारेक तासांचा प्रवास. जळगावहून रेल्वेने दिल्ली गाठायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

आता भाषा. किर्गिझ ही तुर्की कुळातली भाषा. ती ३६ अक्षरांच्या सिरिलिक लिपीत लिहितात, कारण १९९१ पर्यंत हा देश सोव्हिएत संघात होता. रशियन भाषाही तिथे सरकारमान्य आहे आणि बिश्केकमध्ये भरपूर बोलली जाते. तरी किर्गिझ शब्द कानावर पडले की आपण चमकतो. बाजाराला बाजारच म्हणतात. दुकान म्हणजे दुकोन, पुस्तक म्हणजे कितेप, शाळा म्हणजे मेक्तेप, आपलं मकतबच. शहर म्हणजे शार, मित्र म्हणजे दोस, शत्रू म्हणजे दुश्मन. नान तंदुरातली, चहा चायच, आणि समोशाचा भाऊ शोभेल असा साम्सा तंदुरात भाजून मिळतो. हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने इकडे मराठीत आले आणि तिकडे किर्गिझमध्ये गेले. रमजानचा रोजा तिथे ओरोझो, ईद ही ओरोझो आयत, आणि बकरी ईद कुर्मान आयत. मजहब हनफी, खान्देशातल्या बहुतेक मुसलमानांचा आहे तोच. थोर हनफी फकीह इमाम सरख्सी यांची कबर त्याच देशात उझगेनला आहे, आणि त्यांच्याच नावाची भव्य मशीद २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या मदतीने बिश्केकमध्ये उभी राहिली.

इथपर्यंत वाचून दूल्हाभाई म्हणाले, "फिर? मैं क्या बोला था?"

त्यांचं इतकंच बरोबर होतं. पुढचं त्यांना ऐकायचं नव्हतं, पण मी ऐकवलं.

ओश हे किर्गिझस्तानातलं दुसरं मोठं शहर. जून २०१० मध्ये तिथे किर्गिझ आणि उझबेक समाजांत दंगल झाली. चारशेहून जास्त माणसं मेली, मोहल्ले जळले. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान, मजहबही एकच. भांडण जमिनीचं, सत्तेचं आणि वंशाचं होतं.

मग मे २०२४. १३ मेला बिश्केकच्या एका वसतिगृहात स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली. तिचा व्हिडिओ मोबाइलवरून पसरला आणि १७ मेच्या रात्री जमाव रस्त्यावर उतरला. परदेशी मुलांच्या वसतिगृहांवर आणि भाड्याच्या खोल्यांवर हल्ले झाले. भारतीय दूतावासाने आपल्या मुलांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं. पाकिस्तानने विमानं पाठवून हजारो विद्यार्थी परत नेले. मार खाणाऱ्यांत पाकिस्तानी मुलं होती, म्हणजे कलमा दोन्हीकडे एकच. मूळ भांडण भलत्याच मुलांचं होतं असंही समोर आलं, पण जमावाला चेहरा परका दिसला तेवढं पुरलं.

धुळेकरांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको. जानेवारी २०१३ मध्ये एका हॉटेलातल्या बिलावरून सुरू झालेलं भांडण संध्याकाळपर्यंत कुठे पोहोचलं, ते शहराने पाहिलंय. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. क्षुल्लक भांडणाला जमाव मिळाला की काय होतं, ते धुळ्यालाही कळतं आणि बिश्केकलाही. फरक इतकाच की धुळ्यात आपण कोणत्या गल्लीतून घरी यायचं, कोणाचं दार ठोठवायचं, कोणत्या वकिलाकडे जायचं हे आपल्याला ठाऊक असतं. तिथे एकोणीस वर्षांच्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नसणार.

कायद्याचंही ऐका. किर्गिझस्तानचं राज्य धर्मनिरपेक्ष आहे. सत्तर वर्षं सोव्हिएत राजवटीत धर्म घरात लपवून जगलेला समाज आहे तो. मशिदी पुन्हा भरल्यात, पण सरकारची नजर कडक आहे. २०२५ च्या सुरुवातीला तिथे सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदी आली, मोडल्यास दंड. आपा बाहेर पडताना नकाब लावते. म्हणजे मुलीला भेटायला ती त्या 'मुस्लिम देशात' गेली, तर विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याआधी तिला नकाब काढावा लागेल. धुळ्याच्या पाच कंदिलावर ती नकाब लावून निवांत बांगड्या घेते. आपा हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हमारे धुलिये में तो कोई नहीं रोकता."

याच देशाशी आपलं आणखी एक नातं जोडलं जातं, तेही बोलून टाकतो. आपल्यापैकी कितीजणांनी भर चौकात किंवा मोबाइलवर 'बाबराची अवलाद' हे शब्द ऐकले असतील. बाबर जन्मला १४८३ मध्ये अंदिजानला, जे आज उझबेकिस्तानात आहे. बारावं वर्ष चालू असताना तो फरगाण्याच्या गादीवर बसला. त्याच फरगाणा खोऱ्यात ओश आहे. तिथल्या सुलेमान-तू डोंगरावर त्याच्या नावाने ओळखली जाणारी एक खोलीवजा मशीद आहे, आणि तो डोंगर २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तर या 'आमच्या' देशात आमची पोरं खरोखर जातात तेव्हा काय होतं? हातात भारताचा निळा पासपोर्ट, त्यावर व्हिसा, पोलिसांत परदेशी म्हणून नोंद. भूक लागली की मेसमध्ये वरणभात शोधतात, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत आठवून रडवेली होतात. घरून निघालेल्या डब्यात ठेचा आणि शेव असते. बाबराच्या देशात ती शंभर टक्के खान्देशी असतात, आणि तिथल्या माणसालाही ते पहिल्या नजरेत कळतं.

आपली मुळं पाहायची तर इतकं लांब जायला नको. शिरपूर तालुक्यात थाळनेरला, तापीच्या काठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. बाबराने हिंदुस्थानात पाऊल टाकण्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी त्यांनी इथे राज्य उभं केलं होतं. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन ते बुडवलं. म्हणजे खान्देशचं मुसलमान राज्य मोगलांनीच संपवलं. ही गोष्ट शाळेत मुलांना सांगितली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

आता मूळ मुद्दा, डॉक्टरकी. मुलं जातात का, हे आधी समजून घ्यायला हवं. नुसतं 'पैसे देऊन डिग्री आणतात' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली, आणि एमबीबीएसच्या सगळ्या जागा मिळून एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या जवळपास निम्म्या खासगी. धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावातही २०१८ पासून आहे, पण तिथे पोहोचायला गुण लागतात. खासगीत वर्षाला दहा लाख किंवा त्याहून जास्त लागतात. टायरच्या दुकानावर ते होत नाही. परदेशात सहा वर्षांचं सगळं मिळून वीस-पंचवीस लाख सांगतात. एक प्लॉट विकून भागेल असा हा आकडा आहे, म्हणूनच तो दूल्हाभाईंसारख्यांना दिसतो.

पण परत आल्यावर त्या डिग्रीची किंमत काय, हे तो देश ठरवत नाही. ते दिल्लीत ठरतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, १८ नोव्हेंबर २०२१ ला नियम काढले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ते लागू आहेत. साध्या शब्दांत सांगतो. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. माध्यम इंग्रजी हवं. कॉलेज मधेच बदलता येत नाही. सगळं दहा वर्षांच्या आत संपायला हवं. ती डिग्री घेऊन त्या देशाच्या नागरिकाला तिथे डॉक्टर म्हणून काम करायचा जो परवाना मिळतो, तोच आपल्या मुलालाही मिळायला हवा. मग भारतात येऊन परीक्षा आणि पुन्हा १२ महिने इंटर्नशिप.

आता बेरीज करा. ५४ अधिक १२ म्हणजे ६६ महिने. दूल्हाभाईंच्या कागदावर छापलं होतं: 'फक्त ५ वर्षांत एमबीबीएस'. पाच वर्षं म्हणजे ६० महिने. हे सहा महिने कुठून येणार? मी एजंटला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "सर, सगळं अॅडजस्ट होतं." काय अॅडजस्ट होतं, कोणत्या कागदावर, ते त्याने सांगितलं नाही. तिथेच सहा वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या संस्थाही आहेत. १९३९ पासून चालत आलेली सरकारी वैद्यकीय अकादमी बिश्केकमध्ये आहे. देशात चांगलं काहीच नाही असं मी म्हणत नाही. कोणत्या दारातून आत जायचं, ते मोजून ठरवा एवढंच म्हणतोय.

आणि 'एनएमसी मान्यताप्राप्त' हे शब्द. परदेशी कॉलेजांची अशी मान्य यादी एनएमसी काढतच नाही. आयोगाने स्वतः हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. नियम पाळले गेले की नाही हे पाहायची जबाबदारी मुलावर आणि पालकांवर. त्यामुळे कागदावर हा शिक्का दिसला की तिथेच थांबून पुढचं विचारायचं.

परत आल्यावरची परीक्षा म्हणजे एफएमजीई. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरात. तीनशे प्रश्न, पास व्हायला दीडशे बरोबर. अलीकडच्या बहुतेक फेऱ्यांत शंभरातली वीस ते तीस मुलं पास झाली. जून २०२३ मध्ये तर दहाच.

आमच्या गल्लीतला एक मुलगा मध्य आशियातून शिकून आलाय. तीनदा नापास झाला, चौथ्यांदा पास. त्या दोन वर्षांत तो मगरिबच्या नमाजलाही मशिदीत यायचा नाही, कारण बाहेर पडलं की कोणीतरी "डॉक्टरसाब, हुआ क्या?" विचारायचं. आता तो सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप करतोय. मी त्याला घरी बोलावलं आणि भाचीसमोर बसवलं. तो कॉलेजबद्दल वाईट बोलला नाही. एकच गोष्ट बोलला. "मामू, वर्गात सगळं इंग्रजी. पण पेशंट तर इंग्रजी बोलत नाही ना. दुसऱ्या वर्षी मला रशियन प्रश्न पाठ होता, ग्द्ये बलीत? कुठे दुखतं? मी विचारायचो. म्हातारी पाच मिनिटं उत्तर द्यायची. मला त्यातलं काही कळायचं नाही. मग सर पुढे जायचे, मी पण जायचो."

मग तो हसला. "इथे पहिल्याच दिवशी पारोळ्याकडची एक आजी आली. मी म्हटलं, कोठे दुखस, माय? तिने जे सांगितलं त्यात अर्धं निदान होतं."

भाचीने त्याला विचारलं, तिथे जाण्याआधी भाषा शिकता आली असती का? तो म्हणाला, सहा महिने मनापासून बसला असतास तर, असं मला कोणी सांगितलंच नाही. सगळ्यांनी हेच सांगितलं, माध्यम इंग्रजी आहे, काळजी नको.

आणखी एक गोष्ट त्या 'देशाची ओळख' कागदांवर कधी नसते. जून २०२४ मध्ये रशियात, वेलिकी नोवगोरोद शहरात शिकणारे चार भारतीय विद्यार्थी वोल्खोव नदीत बुडाले, त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. मृतदेह हजारो किलोमीटरवरून गावी आणावे लागले. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या ज्या ज्या घरचं मूल बाहेर होतं, त्या घरात फोन ठेवायची कोणाची हिंमत होत नव्हती. कोणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. आपली मुलं तापी-गिरणा बघत वाढतात. कुठे डोह आहे, कुठे उतार, पुराचं पाणी कधी येतं, हे त्यांना आजोबा सांगतात. जी नदी हिवाळ्यात गोठते तिचं पाणी जूनच्या उन्हातही किती गार असतं, काठावरून शांत दिसणारी धार आत किती ओढते, हे तिथले आजोबा त्यांच्या नातवंडांना सांगत असतील. आपल्या मुलांना तिथे आजोबा नसतात. म्हणून पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्याच एखाद्या माणसाला हे विचारायचं: इथले लोक कशाला घाबरतात? नदीला, बर्फाला, रात्रीच्या कोणत्या रस्त्याला? भाचीकडून मी हे तीनदा म्हणवून घेतलं. ती वैतागली.

महिना संपला तेव्हा आम्ही धुळ्याला त्यांच्या घरी बसलो. मी दूल्हाभाईंना म्हटलं, तो देश वाईट नाही, आणि आपलाही नाही. तो त्यांचा आहे. तिथे आपण पाहुणे, तेही फी भरून राहणारे. मुसलमान म्हणून आपल्याला नमाजला जागा मिळेल, ईदला कोणीतरी गळ्यात पडेल, हलालची चिंता कमी होईल. या लहान गोष्टी नाहीत. युरोपात एकट्या राहणाऱ्या मुलीला विचारा. पण एवढ्यावर सुरक्षितता मिळत नाही, पेशंट कळत नाही आणि परवाना तर अजिबात मिळत नाही. देश निवडताना 'लोक आपले आहेत का' हा प्रश्न सहावा-सातवा असायला हवा. आपण तो पहिला विचारतो, कारण इथे रोज कोणीतरी आपल्याला परकं म्हणतं आणि कुठेतरी 'अपने लोग' असतील अशी आशा वाटते. एजंटला ही आशा बरोबर कळलेली आहे. म्हणून ती ओळ ठळक छापलेली असते.

दूल्हाभाई काही बोलले नाहीत. त्यांनी चहा संपवला आणि दुकानाची किल्ली उचलली. जाताना मात्र मुलीला म्हणाले, "जो पूछना है, सीधा कालेज को पूछ. बीच वाले को नहीं."

भाचीने त्याच रात्री इंग्रजीत पत्र लिहिलं. एजंटला नाही, थेट दोन विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थी विभागाला. तिचे प्रश्न जसेच्या तसे मराठीत देतो, कोणालाही वापरता येतील. एक, तुमचा अभ्यासक्रम किती महिन्यांचा, आणि त्यात इंटर्नशिप धरली आहे की वेगळी? दोन, बारा महिन्यांची इंटर्नशिप तुमच्याच रुग्णालयात कराल का, आणि ते लेखी द्याल का? तीन, डिग्रीनंतर तुमच्या नागरिकाला मिळतो तो परवाना मला मिळेल का? चार, पेशंटशी बोलायला रशियन किंवा किर्गिझ कोण शिकवतं, किती तास? पाच, मे २०२४ मध्ये तुमच्या वसतिगृहातल्या मुलांचं काय झालं, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं?

पाचवा प्रश्न तिचा स्वतःचा. मला तो सुचला नव्हता.

एका विद्यापीठाचं उत्तर आलंय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट आहेत, तिसऱ्याला बगल दिलीय, पाचव्याबद्दल एक अक्षर नाही. दुसरीकडून अजून काही आलेलं नाही. एजंटचा मात्र रोज फोन येतो, जागा भरत आल्यात म्हणून. भाचीने नीटची पुस्तकं कपाटात ठेवलेली नाहीत, टेबलावरच आहेत, आणि त्यांच्या शेजारी सिरिलिक अक्षरांची एक वही आलीय. प्लॉटचं गिऱ्हाईक थांबायला तयार आहे. दुसऱ्या विद्यापीठाचं उत्तर आलं की इथेच लिहीन.